दारापेक्षा मोठी पेटी

लासुर्ण्याच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला आमची वस्ती आहे. घराच्या दक्षिण टोकाला एक खोली आहे. तिचं दार घरात उघडत नाही, थेट अंगणात उघडतं. ही खोली माझी आहे.

वडिलांच्या मागे वाटणीचा विषय निघाला तेव्हा धाकट्या भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली. आमच्या भागात बहिणी सही करतात, साडी घेतात आणि दिवाळीला माहेरी येत राहतात. मी सांगितलं, ऊस तुझा, डाळिंब तुझं, विहीर तुझी. दक्षिणेची खोली मी सोडणार नाही. तेवढी वगळून मी सही केली. त्याला हा व्यवहार फायद्याचा वाटला. बहीण खरोखर येऊन खोली वापरेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

मी बारामतीत फ्लॅटमध्ये राहते. नोकरी पुण्यात झाली, एका दैनिकाच्या बातम्यांच्या टेबलावर. तिथे डोक्यावर टीव्हीचे पडदे असत आणि सगळ्यांचा आवाज बंद असे. पूर, मोर्चे, निवडणुका मी मुक्याच पाहिल्या. भाड्याच्या खोलीत परतल्यावर रेडिओ लावला की खालून घरमालकीण काठीने छत ठोकत असे. बारामतीच्या फ्लॅटलाही शेजाऱ्यांची सामाईक भिंत आहे. निवृत्तीनंतर मला एक गोष्ट हवी होती: गाणं असो की सिनेमा, आवाज जसा आहे तसा पुरा ऐकायचा. वस्तीवरच्या खोलीला शेजार नाही. पलीकडे उसाचं रान आहे.

अडचण एवढीच होती की खोली रिकामी राहत नसे. मी गेले की आत खताची पोती, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, डाळिंबाचे क्रेट असत. भाऊ म्हणे, "चार दिसासाठी ठिवलंय, आक्का." मी सामान बाहेर काढायला लावत असे. पुढच्या वेळी ते पुन्हा आत असे. कुलूप लावून पाहिलं. कोयंडा उचकटून परत नीट बसवलेला सापडला. कागदावर खोली माझी होती, ताबा त्याचा होता. अशा किती बातम्या मी दुरुस्त करून छापायला सोडल्या होत्या, त्याची मोजदाद नाही. शेवटी खोली कुणाची ठरते, हे त्या बातम्यांनी मला शिकवलं होतं. ज्याचं सामान आत, त्याची.

म्हणून मी सामान आणायचं ठरवलं.

पडदा, पाच लहान स्पीकर आणि ते चालवणारा अँप्लिफायर विकत मिळाला. खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, ज्याला सगळे वूफर म्हणतात, तोही मिळाला, अठरा इंची. त्याची पेटी मात्र मला हवी तशी बाजारात नव्हती. बारामतीच्या एका सुतारमिस्त्रीकडे गेले. तो मिरवणुकीच्या डीजेच्या पेट्या बनवायचा. मी काढलेलं पेटीचं चित्र पाहून त्याने मान हलवली.

"मॅडम, ह्यात दणका न्हाय बसायचा. पेटी लय मोठी हुतीय. छातीत धक्का पायजे असंल तर ल्हान करा."

"धक्का नकोय. खालचा सूर लांब चालायला हवा. त्याला आत हवा जास्त लागते."

"हवाच भरायची तर मंग लाकूड कशाला?" तो म्हणाला, पण कामाला तयार झाला.

प्लायवूड एक इंच जाडीचं घेतलं. तुकडे बारामतीत कापून टेम्पोने वस्तीवर आणले आणि पेटी खोलीतच बांधायची ठरली. पहिला तुकडा उभा करण्याआधी मिस्त्रीने विचारलं, "तीस इंच म्हंजी आतलं माप का भाईरचं?"

"आतलं. तिन्ही बाजूंनी."

त्याने टेप दाराला लावली, मग माझ्याकडे पाहिलं. "दार तीसचं हाय. पेटी भाईरनं बत्तीसची हुईल. ही परत भाईर निघायची न्हाय."

"दार मी मोजलंय."

"आन् उद्या घर बदाललं तर?"

"बदलणार नाही. बांधा."

त्याने बांधली. कडांना गोंद, वर स्क्रू, आत आडवे-उभे आधार, कुठूनही हवा निसटू नये म्हणून सांध्यात पुन्हा गोंद. अशा पेटीला हवा ये-जा करण्यासाठी एक नळी लागते. खोलीत भावाच्या पाइपलाइनचा जाड पीव्हीसी पाइप पडून होता. त्याचा हातभर तुकडा कापून बसवला. उंदीर शिरू नयेत म्हणून तोंडाला जाळी मारली.

भाऊ रोज येऊन पाहून जायचा. "ही पेटी हाय का कणगी? का कोंबड्या पाळायच्यात?" खत आणि क्रेट त्याला पत्र्याच्या शेडमध्ये न्यावे लागले होते, त्याचा राग पेटीवर निघत होता.

आवाज भिंतींवर आपटून घुमू नये म्हणून मी दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या. भावजय दारात उभी राहून हसली. "वन्सं, भिंतीला थंडी वाजती का काय?" मग तिनेच आणखी दोन गोधड्या आणल्या आणि खिळे ठोकताना स्टूल धरलं.

सगळं जोडून झाल्यावर मी पखवाजाचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. डाव्या पुडीचा आवाज आधी फरशीत आला, मग कानात. भाऊ डाळिंबाच्या प्लॉटमधून चालत आला. "मला वाटलं, उसाचा ट्रॅक्टर अंगणात शिरला." पाच मिनिटं उभा राहिला आणि परत गेला. भावजय मात्र थांबली. तिने पेटीला पाठ टेकवून पाहिली. दुपारची कामं उरकली की ती रोज तशी येऊन बसू लागली. पडद्यावर काय चाललंय हे ती क्वचित पाही. म्हणाली, "खुरपून आल्यावर पाठीला बरं वाटतं. आन् हितं कोन हाक मारत न्हाय."

हाक ऐकू येत नसे, हे जास्त खरं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी अंगणात ट्रॉली येऊन उभी राहिली. ट्रॉलीत डाळिंबाचे रिकामे क्रेट होते. सोबत भाऊ, त्याचे तीन मित्र आणि आमचे चुलते तात्या. तात्यांना आणलं म्हणजे मला गप्प करायचं आहे, हे उघड होतं. घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

"निरवांगीत हळद हाय," भाऊ म्हणाला. "डीजेची एक पेटी कमी पडतीय. मी शबुद दिलाय."

"कुणाला विचारून?"

"घरचीच तर वस्तू हाय, आक्का. त्यात काय विचारायचं?"

तात्या खुर्चीत टेकले. "पोरी, येका दिसानं काय झिजती का पेटी? परत आली की सोप्यात ठिवू, म्हंजी सगळ्यांस्नी बघता यील. ही खोली तुजी न्हाय असं कोन म्हणतंय? पर सीझन तोंडावर आलाय. क्रेट कुठं ठिवायचं त्यानं?"

बोलणं गोड होतं आणि बेत सरळ होता. पेटी बाहेर गेली की तिची जागा क्रेट घेणार होते. मग दुसरा सीझन येणार होता, मग तिसरा. मी आणखी एकदा पाहुणी होणार होते, त्या खोलीतही.

भांडायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मी वायरी काढल्या आणि बाजूला झाले.

"न्या," मी म्हटलं.

चौघांनी पेटी उचलली. दोन पावलांवर एकाने शिवी हासडली. दारापाशी आणली, टेकवली, पुढे रेटली. दोन्हीकडे चौकट लागली.

"आडवी करा," तात्या खुर्चीतून म्हणाले.

आडवी केली. तेवढीच रुंदी.

"उलटी करा."

"तात्या, समद्या बाजूनं सारखीच हाय ती."

"मंग तिरपी घ्या की! डोकं चालवा."

तिरपी घेतली. अर्थातच आणखी वाढली. एकाचं बोट चौकटीत चेमटलं आणि तो ते तोंडात घालून बाजूला उभा राहिला. भाऊ घामाघूम झाला होता. त्याने पेटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला म्हाईत हुतं."

"व्हय. दार मोजून बांधलीय."

मग भाऊ मित्राला म्हणाला, "शेडमधनं पहार आण. चौकट काढू. सांजच्याला परत बसवू."

याची तयारी मी केली नव्हती. पहार आली. त्याने ती उंबऱ्याच्या फटीत लावली, तेवढ्यात भावजय आली. हात पिठाचे होते. ती सरळ उंबऱ्यावर उभी राहिली.

"उंबऱ्याला पहार लावायची न्हाय."

"अगं, परत बसवतूय की."

"रोज सकाळी हळदी-कुंकू कोन वाहतंय ह्याला? तुमी? आन् निरवांगीत काय सांगणार? आमच्या घरचा उंबरा उपटून तुमच्या हळदीला पेटी आणलीय म्हणून? नवरीच्या आईला सांगून तर बगा. दारात उभं करायची न्हाय."

भावाने तात्यांकडे पाहिलं. तात्या खुर्चीतून उठले आणि धोतर सारखं करत म्हणाले, "ह्ये मातर खरं हाय, बाबा. शुभकार्याला असली वस्तू न्यायची नसती." मला गप्प करायला आलेले तात्या असे माझ्या बाजूने बोलले आणि त्यांना ते कळलंही नसावं.

पेटी दारात अडकवून ठेवून कुणाचंच काम होणार नव्हतं. चौघांनी ती परत भिंतीशी नेऊन ठेवली. क्रेट ट्रॉलीतून शेडमध्ये गेले. जाता जाता भावाचं लक्ष जाळीमागच्या पांढऱ्या नळीकडे गेलं.

"निदान माझा पाइप तरी काढून दे."

"माझ्या खोलीत पडला होता," मी म्हटलं.

त्याचा मित्र, बोट चेमटलेला, खो खो हसायला लागला.

मी वायरी जोडल्या आणि तोच पखवाज लावला. भावजय हात धुऊन आत आली, पेटीला पाठ लावून बसली आणि डोळे मिटले. बाहेर चहा आला असावा, कपबशा वाजल्या. थोड्या वेळाने भाऊ ओरडला, "आक्का, आवाज कमी कर. तात्या बोलत्यात!"

हे वाक्य मी न्यूजरूममध्ये ऐकलं होतं, भाड्याच्या खोल्यांत ऐकलं होतं, त्याच्या आधी याच अंगणात ऐकलं होतं. प्रत्येक वेळी आवाज कमी केला होता.

बटण मी होतं तिथेच ठेवलं. तात्या मोठ्याने बोलू लागले.