न दाबता निघालेली बांगडी

मिरज स्टेशनवर गाडी सुटायला आली तेव्हा आईनं खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि माझा दंड दाबून पाहिला. बाजारात वांगं दाबून बघतात तसा. "बाळू, तिकडं जाऊन वाळू नकोस," एवढंच म्हणाली. मी तेव्हाही चांगला जाडजूड होतो, पण चेन्नईच्या नोकरीच्या नुसत्या विचारानं आतून पार गळालो होतो. माझ्या आकाराचा माणूस घाबरला की त्याची मोठी पंचाईत होते. त्याला लपायला जागाच मिळत नाही.

पुढे प्रत्येक सुट्टीत तोच प्रयोग. मी दारात, आईची बोटं दंडावर आणि निकाल ठरलेला: "वाळलास की रे." तिकडे मिरजेतच राहिलेल्यांनो, तुम्ही हसायचात. मीही हसायचो.

इकडे निकाल काटा द्यायचा. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आम्ही गाड्यांचे ब्रेक बनवतो. तिथे दरवर्षी कॅन्टीनच्या कोपऱ्यात तपासणी लागते. मी बूट काढायचो, पट्टा काढायचो, खिशातल्या किल्ल्या काढायचो, वर श्वासही आत ओढायचो. नर्सबाई माझा आकडा अशा खणखणीत आवाजात वाचायच्या की सांबार वाढणाऱ्याचा डाव हवेत थांबायचा. "सार, इनिमेल लिफ्ट वेंडाम," यापुढे लिफ्ट नको, असा मागून कुणीतरी टोमणा मारायचा. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. पण आमचे वडील, अण्णा, पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले, आणि मी त्या वयाकडे निघालो होतो. छातीत गॅस सरकला तरी मला अण्णा दिसायचे.

सुनीताची, माझ्या बायकोची, कुणालाच काळजी नव्हती. बँकेतली नोकरी, सकाळी पोरूरच्या तळ्याकडे फेरी, हातात सदा पाण्याची बाटली. मग एका वर्षी ती भराभर बारीक झाली. शिंप्यानं ब्लाउज आत घेतले, पुन्हा घेतले. मी तिच्याकडे बघून स्वतःला लाजवून घ्यायचो आणि लाज विसरायला एक मेदूवडा खायचो.

संक्रांतीला आई चेन्नईला आली होती. घरी हळदीकुंकू होतं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका सुनीताला घेरून बसल्या. "वहिनी, सोडलंत काय नक्की? भात की साखर?" "नवऱ्याला दिलं सगळं," सुनीता म्हणाली, आणि खोली हसली. मी स्वयंपाकघराच्या दारातून वाकून नमस्कार केला. मग ती तिळगूळ द्यायला पुढे झाली, तेवढ्यात तिच्या हातातली हिरवी बांगडी सरळ घसरून लाडवांच्या डब्यात पडली. पुन्हा हशा. "बघा, याला म्हणतात फिगर."

आई हसली नाही. बायका गेल्यावर तिनं सुनीताचं मनगट धरलं. "काचेची बांगडी अशी आपोआप निघत नसते. कासार हात दाबून दाबून भरतो ती. बाळू, ही वाळलीय. हिला दाखव कुणाला तरी."

मी खुर्चीत सावरून बसलो आणि आईला आधुनिक आरोग्यावर व्याख्यान दिलं. जाड म्हणजे आजारी, बारीक म्हणजे निरोगी, जमाना बदलला. माझ्या पोटावर हात ठेवून उदाहरणही दिलं. "बरं," आई म्हणाली, "मग दोघंही रक्त द्या." मी हो म्हटलं ते तिला गप्प करायला.

रिपोर्ट मोबाइलवर आले तेव्हा मी कॅन्टीनमध्ये दहीभात खात होतो. देवाचं नाव घेऊन आधी माझा उघडला. दोन तांबड्या खुणा, बाकी ठीक. एवढा आनंद झाला की आणखी भात मागितला. मग तिचा उघडला. साखरेचा आकडा बघून वाटलं, लॅबवाल्यांनी नावं बदलली असणार. हे माझंच रक्त. माझंच असू दे, असंही वाटलं. भात आला तो तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं. आकडा हलला नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत घेतलं, कागदावर नजर टाकली आणि थेट मला झापायला सुरुवात केली. "सार, भात बंद, मिठाई बंद. हे वजन बघा तुमचं."

"डॉक्टर, पेशंट ही आहे."

त्यांनी सुनीताकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारू लागल्या. तहान लागते? थकवा येतो? न ठरवता वजन उतरलं? सुनीता प्रत्येकाला हो म्हणत गेली. आम्ही वर्षभर ज्याचं कौतुक केलं होतं ते सगळं त्या प्रश्नांत होतं, पाण्याच्या बाटलीसकट. "अजून उशीर झाला असता तर…" म्हणून बाई थांबल्या आणि इन्सुलिन लिहू लागल्या. मी टेबलाखाली सुनीताचं मनगट धरलं. माझं बोट अंगठ्याला भेटून पुढे गेलं. एवढा मी मिरज स्टेशनवरही घाबरलो नव्हतो.

आई परत निघाली तेव्हा चेन्नई सेंट्रल स्टेशनवर तिनं माझा दंड दाबला नाही. खिडकीतून सुनीताचं मनगट धरून बसली, गाडी हलेपर्यंत.

माझ्यासारख्या घर सोडून निघालेल्यांनो, इथे आपल्याला फिट म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते वाईट नसतात. त्यांनी फक्त आपल्याला आधी कधी हातात धरलेलं नसतं. आणि जाड मंडळींनी एवढ्यात पेढे वाटू नयेत. त्या दोन तांबड्या खुणांपायी मीही आता तळ्याला फेऱ्या मारतो, आणि बदकं मला मागे टाकून जातात.

सुई रोजची आहे. सुनीता ती न बघता टोचते, मी बघून डोळे मिटतो. भीती घर सोडून गेलेली नाही, पण आता ती कोपऱ्यात बसते. यंदाच्या संक्रांतीनंतर सुनीता मोरीत साबण लावून बांगड्या काढत होती, आणि चिडली होती.

"अहो, ही निघतच नाहीये."

मी दाराबाहेर भिंतीला टेकून तिची ओढाताण ऐकत उभा होतो. मला तिथून हलवेना.

"राहू दे," म्हटलं, "घाई काय आहे."