कावळा सांभाळ, दिनू!

आमच्या आप्पांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, याला दोन कारणं होती. एक व्हिडिओ गेम आणि दुसरं मी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा ते पारनेरमधले बहुधा सर्वांत वयस्कर गेमर असावेत. (हा शब्द माझ्या धाकट्या भावाचा, विजूचा. आई त्यांना 'खेळ्या' म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे.) आम्ही दोघे शाळेत असताना त्यांनी नगरहून टीव्हीला जोडायचा खेळ आणला, तो आमच्यासाठी. "जरा बघू, चालतो का," म्हणून त्यांनी रिमोट हातात घेतला. सुट्टी संपून शाळा उघडली, तरी त्यांचं बघणं चालूच होतं!

त्यांचा जीव रणगाड्यांच्या खेळावर. विटांच्या भिंती, चाल करून येणारे शत्रूचे रणगाडे, आणि पडद्याच्या तळाशी विटांच्या आडोशाला बसलेला एक पक्षी. तो पक्षी वाचवायचा. खेळ बनवणाऱ्यांच्या मते तो गरुड होता. आप्पांच्या मते कावळा. "गरुड कशाला आसा आंग चोरून बसंल? कावळाच हाय त्यो!" विषय संपला. आप्पा पुढे जाऊन शत्रू टिपायचे आणि मला मागे ठेवून ओरडायचे, "दिनू, कावळा सांभाळ!" त्या ओरडण्यानं मी दचकायचो. दचकलो की बोट बटणावर पडायचं. गोळी सुटायची, विटा फुटायच्या, कावळा खलास! शत्रूला आमचा कावळा मारायची संधी क्वचितच मिळाली. मग मी गुपचूप पुस्तक उघडायचो आणि माझ्या जागी विजू बसायचा. पुढे मी ग्रंथपाल झालो, त्याच्या मुळाशी हाच कावळा आहे.

वर्षं गेली. आप्पांचं बियाण्यांचं दुकान विजू बघू लागला. घरात नवनवे गेम आले, पण जुना टीव्ही आणि रणगाडे आप्पांनी हलवू दिले नाहीत. रविवारी जेवणं झाली की आप्पांचे मित्र बबनकाका यायचे आणि जुने गेम चांगले की नवे, यावर तिघांची जुंपायची. बबनकाका घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार करतात. ते गेमसुद्धा म्हशीसारखेच पारखतात.

"नवी गेम दिसाया लई देखनी," ते म्हणायचे, "पन चार दिसांत आटती. आपला रनगाडा कसा, कवाबी बसा, दूद देनारच!"

"काका, त्या घोड्याच्या गेममध्ये वारा आला की गवत हलतं, गवत!" विजू उसळायचा.

"गवात हालतंय म्हनून म्हस घेतो का रं आपन?"

"तुमी दोगंबी गप ऱ्हावा," आप्पा म्हणायचे. "खरी गेम आजून यायचीय."

खरी गेम म्हणजे त्या घोड्याच्या खेळाचा तिसरा भाग. तो येणार येणार म्हणून जाहीर व्हायचा आणि पुढे ढकलला जायचा. "तिसरा भाग खेळल्याबिगर मी काय हालत न्हाई," असं आप्पांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. कंपनीनं शब्द पाळला नाही. शेवटी आप्पांनीही नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी सगळी जमली. महाराजांचं प्रवचन झालं. ओट्यावर पिंड मांडला, शेजारी आप्पांच्या आवडीचे शेंगोळे, जिलेबी, कपात चहा. समोरच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसलेले. बसलेले म्हणजे बसलेलेच! आई लिंबाखाली डोक्यावर पदर घेऊन पिंडाकडे टक लावून होती.

"काय ऱ्हायलं आसंल वो त्यांच्या मनात?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "आर्ध्या पोटी न्हाई ना धाडलं आपन त्यान्ला?"

तिच्या त्या प्रश्नापुढे कुणाला भूक लागली आहे असं म्हणवेना. मग आश्वासनं सुरू झाली.

"आप्पा, आईला अंतर देणार नाही!" विजू. कावळे ढिम्म.

"आप्पा, दुकान नीट चालवू!" ढिम्म.

"दिनूचं लगीन लावून देऊ!" मागून एक आत्या. (मी पंचेचाळिशी ओलांडली आहे. एका कावळ्यानं तोंड फिरवलं. मला ते पटलं.)

विजू एकदम उठला, गाडीकडे पळाला आणि नव्या गेमचा रिमोट आणून त्यानं पिंडाशेजारी ठेवला.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"आप्पांचा रिमोट. त्यांचा जीव तिसऱ्या भागात अडकलाय."

"मग हा पाण्यात सोडायचा का?"

"न्हाई न्हाई न्हाई!" विजू आणि बबनकाका एका सुरात ओरडले. त्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं, कारण दुसऱ्याच क्षणी काका म्हणाले, "पन विजू, चुकलास तू. त्येचा जीव रनगाड्यात हाय. जुना रिमोट आन!"

"काका, शेवटी शेवटी ते रणगाड्याला हातसुद्धा लावत नव्हते!"

"लावत न्हवता? म्या बसायचो त्येच्या संगं! तुज्या घोड्याच्या गेममदी त्यो निस्ता पेंगायचा!"

"पेंगायचे नाहीत, गवत बघायचे!"

आवाज चढले. मंडळींत दोन तट पडले. ज्यांनी आयुष्यात रिमोट धरला नव्हता, तेही 'जुनं ते जुनं' म्हणून काकांच्या मागे उभे राहिले. आणि या गोंगाटात बाभळीवरचे सगळे कावळे भुर्रकन उडून गेले!

"आगं बाई, गेले की!" आईचा आवाज फुटला.

 गुरुजी हळूच दर्भाकडे वळले. "दर्भाचा कावळा करून लावू. शास्त्रात चालतं."

"गवताचा?" आई म्हणाली. "गरुडाला कावळा म्हनले त्ये. गवताला न्हाई म्हनायचे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "दिनू, तू थोरला हाईस. दहा दिसांत तोंड उघडलं न्हाईस. बोल कायतरी त्यांच्यासंगं."

मला चारचौघांत बोलता येत नाही. हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच धरून पुढे गेलो. "आप्पा," मी म्हणालो, "तिसरा भाग आला की मी घेईन. मी स्वतः खेळेन, शेवटपर्यंत." एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "आणि कावळा सांभाळीन."

पंख वाजले. एक कावळा ओट्याच्या कडेवर उतरला. मान तिरपी करून त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक उडी. दुसरी उडी.  पिंड आता वीतभर लांब... आणि नेमकं त्याच वेळी शेंगोळ्यांच्या वासानं पलीकडून एक कुत्रं आलं!

बबनकाकांना राहवलं नाही. ते जीव खाऊन ओरडले, "दिनू, कावळा सांभाळ!"

मी दचकलो.

तांब्या सुटला. तो कुत्र्याला सोडून ओट्यावर आदळला आणि खणाखणा गडगडत थेट कावळ्यावर गेला. कावळा आकाशात! कुत्रं मात्र जागचं हललंसुद्धा नाही. त्याला पहिल्यापासूनच माझी भीती वाटली नसावी.

 लिंबाखालून हुंदका आला. आईचे खांदे गदगदत होते. मी मेल्याहून मेल्यासारखा तिच्याजवळ गेलो. तिनं पदर बाजूला केला, तर ती हसत होती! दहा दिवसांत पहिल्यांदा.

"मारला!" तिला बोलता येईना. "परत आपलाच कावळा मारला ह्या पोरानं! आवो, बघा वो!"

'आवो' ऐकलं आणि बबनकाकांनी तोंडावर उपरणं धरलं. विजू हसत हसत खाली बसला आणि बसल्यावर रडायला लागला. मीही त्याच्या शेजारी बसलो. दहाव्याला आलेली माणसं एवढी हसलेली त्या ओढ्यानं पूर्वी पाहिली नसतील.

"शिवला!" गुरुजी ओरडले. "अहो, शिवला!"

आम्ही वळून पाहिलं. पिंडातला घास चोचीत धरून कावळा रिमोटवर बसला होता.

"बघा काका," विजू डोळे पुसत म्हणाला, "नव्या रिमोटवर! तिसरा भागच!"

"आरं, नीट बघ, पाट केलीया त्यानं बटनांकडं! रनगाडाच!"

तो वाद अजून चालू आहे. तिसरा भाग पुन्हा पुढे ढकलला गेल्याची बातमी आली, तेव्हा विजू आणि काका सुतकी चेहऱ्यानं बसले होते. मी तेवढा मनातून सुटलो. आप्पांना शब्द दिला आहे, म्हणून दर रविवारी त्यांच्या जुन्या टीव्हीसमोर रणगाड्यांवर हात बसवतो. अजून पहिल्या फेरीच्या पुढे गेलेलो नाही.

आई रोज दुपारी गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला घास ठेवते. ठेवण्याआधी मला घरात बोलावते, आणि मी आत आलो की बाहेरून कडी लावते.