गरिबीचं सोंग आणि पांढरं कार्ड

बाबांच्या हृदयाची झडप बदलावी लागेल, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरात नाटकाची तालीम सुरू झाली. दिग्दर्शक अर्थातच आत्या, बाबांची धाकटी बहीण. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं, पण पेशंट गरीब दिसला तरच, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. "पांढरं रेशन कार्ड दाखवूच नका बाप्पा! हरवलं म्हना!"

मग काय विचारता! आईनं पाटल्या काढून डब्यात ठेवल्या. भावानं गाडी अमरावतीतल्या राजापेठेत मित्राच्या दारात लावली आणि आम्ही सगळे स्वतःला ऑटोत कोंबून दवाखान्यात गेलो. बाबांच्या अंगात फवारणीचा सदरा, त्याला अजून औषधाचा वास. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, तरी मीसुद्धा कानातले काढलेच. काय करणार, जीव घाबरला होता. "माझ्यापायी वावर इकाल त ऑपरेशनच्या टेबलावरून उठून घरी येईन," असं बाबांनी बजावलं होतं, आणि हा माणूस खरंच उठून आला असता.

योजनेच्या टेबलाशी एक पंचविशीतली मुलगी बसली होती. तिनं कार्ड मागितलं. आत्यानं लगेच पदर डोळ्याला लावला. "पोरी, आमचं कार्ड पुरात गेलं वं."

आमच्या गावाला नदीच नाही!

बाबांचं डोकं फिरलं. चार पावलं चालताना धाप लागणारा माणूस ताडकन उभा राहिला. "काहून खोटं बोलून रायली वं तू?" मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे घे पोरी. पांढरं हाये. दहा एकर वावर हाये, ट्रॅक्टर हाये. आता नाही म्हनाचं असंन त म्हन."

आई बाबांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवायला लागली. मी तर डोळेच मिटून घेतले. झालं, संपलं सगळं!

मुलगी मात्र हसत होती. "काका, योजना आता सगळ्यांसाठी आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालते. पण कार्ड पाहिजेच. खरंच पुरात गेलं असतं ना, तर पंचाईत झाली असती."

आत्या एकदम पंख्याकडे बघायला लागली. रांगेतली माणसंसुद्धा खो-खो हसली.

बाबांचं मात्र समाधान होईना. "पन मले काहून देता? मी काय गरीब हाओ?"

"तुम्ही साबण घेता, डिझेल घेता, त्यावर टॅक्स भरताच ना? त्यातूनच चालते हे. आजवर दुसऱ्यांच्या कामी आलं, आता तुमच्या."

बाबांनी जरा विचार केला. "म्हंजे ज्याचं वावर पेरनीवाचून पडलं, त्याच्या वावरात सगळ्यायनं कामाले जाचं. असं सांग ना मंग!"

मंजुरी आली, झडप बदलली. चौथ्या दिवशी बाबा उशीला टेकून मऊ भात खात होते आणि मी आनंदानं वेड्यासारखी रडत होते. घास गिळून ते माझ्याकडे वळले.

"रडू नको वं. सत्तर वर्षांत सरकारी टेबलापुढं पयल्यांदा खरं बोललो, आन कामही झालं."