दुबईत एक मुलगी जन्मली

कोऱ्या कॅलेंडरच्या कागदाचा वास आला की मला दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं जुनं ऑफिस आठवतं. तिथले आमचे साहेब आयरिश होते. त्यांची बहीण दरवर्षी मायदेशाहून टेबलावर ठेवायचं एक कॅलेंडर पाठवायची. त्या तारखेला आयर्लंडमध्ये कोण जन्मलं, काय घडलं, ते रोजच्या पानावर छापलेलं असे. सकाळी कडक चहाचा कप हातात घेऊन साहेब ते मोठ्याने वाचत आणि आम्ही ईमेल उघडता उघडता अर्धवट ऐकत असू. माझी पहिली मुलगी जन्मून दोन दिवसांत गेली, त्यानंतर ऑफिसात कुणी तिचा विषय काढला नाही. वसईहून आईसुद्धा फोनवर म्हणायची, "विसर गं बाय आता." वर्षाने तिची जन्मतारीख आली, तेव्हा मी मान खाली घालून कामाला लागले होते. साहेब नेहमीसारखे वाचू लागले: आज एक कवी जन्मला, एक दीपगृह पहिल्यांदा उजळलं. मग खाली स्वतःच पेनाने लिहिलेली ओळ त्यांनी त्याच आवाजात वाचली, "आणि दुबईत एक मुलगी जन्मली." मी कशीबशी म्हणाले, "सर, पण ती राहिली नाही." ते हळूच म्हणाले, "बट शी वॉज बॉर्न, माय डिअर." त्या संध्याकाळी मी नवऱ्यासमोर पहिल्यांदा तिचं नाव घेतलं, आणि तोही रडला. आता कुणी मुलं किती विचारलं, की मी दोन सांगते: थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा.