कपारीतली ओटी

बसा, चहा येतोय. तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे बाहेरून तिखटमीठ लावलेली ऐकायला नको. आमच्या अंबरनाथमध्ये ती एव्हाना भाजीवालीलाही पाठ झाली आहे.

आमच्या मधुराला पाहायला पुण्याचा मुलगा येणार होता. सौरभ त्याचं नाव, भूगर्भशास्त्र शिकलेला. याआधी तीन स्थळं कांदेपोहे खाऊन गेली, ती गेलीच. तेव्हा हे स्थळ काही हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. तर मुलाचा निरोप आला, पोहे नकोत. बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूला एक धबधबा आहे, तिथे जिओकॅशिंगला जाऊ, आईलाही घेऊन येतो.

आता हे जिओकॅशिंग म्हणजे काय? मधुरा सांगत होती, पण तिचं अर्धंच ऐकून मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. गोरे लोक मोबाईलमध्ये बघत रानात हिंडतात आणि झाडाच्या बुंध्यातून डबा काढतात. डब्यात कुणीतरी ठेवलेल्या बारीकसारीक भेटवस्तू. सापडला की नाचतात. मला कळलं. लपवलेला डबा शोधायचा, झालं.

आदल्या रविवारी स्कूटर काढून मी धबधब्यावर जाऊन आलो. पेपर फुटला तर बरंच ना? एकूण एक दगड उलटा केला. खेकडे निघाले, बाटल्या निघाल्या, डबा काही निघेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, डबा चोरीला गेलाय. जिथे पोहायला उतरलेल्या माणसाची चप्पल जागेवर राहत नाही, तिथे डबा राहतोय?

म्हणजे मुलगा पुण्याहून येणार, आईसमोर शोध शोध शोधणार आणि रिकाम्या हाताने परत जाणार. चौथं स्थळही गेलं म्हणायचं. उल्हासनगरला माझं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. शेजारच्या कापडवाल्या परमानंदशेठना मी अडचण सांगितली. ते म्हणाले, "साईं, डब्बा चोरी हुआ तो दूसरा रख दो. मेहमान खाली हाथ जाएगा तो अपनी क्या इज्जत?"

डबे तर माझ्याच दुकानात. पण आत काय ठेवायचं? मुलाची आई पहिल्यांदा येणार, तिची ओटी नको भरायला? नारळ, शेठनी दिलेला लाल खण, तांदूळ, सुपारी, हळदकुंकवाच्या पुड्या, सगळं रीतसर भरलं. हाही डबा कुणी पळवू नये म्हणून वर लिंबू-मिरची बांधली. चोर झाला तरी तिला हात लावायला कचरतोच की.

तुमच्या लक्षात आलंय ना? माझ्या नाही आलं.

दसरा होऊन गेला होता, पाणी ओसरून खडक उघडा पडला होता. मुलाची आई आणि माझी बायको टपरीवर चहाला बसल्या, मुलं गप्पा मारत वरच्या अंगाला गेली. वाट निसरडी आहे का बघून येतो, असं सांगून मी पिशवी घेऊन सटकलो. धबधब्याच्या बाजूच्या कपारीत डबा ठेवला आणि शुभकार्याची सुरुवात म्हणून त्याला हात जोडले.

थोड्या वेळाने सगळे खाली जमले. सौरभ मोबाईलवरचे प्रश्न वाचत खडक न्याहाळायला लागला. लाव्हाचे थर किती दिसतात, खडकाला ही भोकं कशाने पडली, असले प्रश्न. मी म्हटलं, त्या कपारीत बघा ना जरा. तो म्हणाला, "नको काका, इकडचा खडक जास्त चांगला आहे." मी पुन्हा सांगितलं, तर त्याने पाठच फिरवली. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, पुण्याच्या माणसाला गार पाणी सोसत नसेल. मधुरा तोंडात ओढणी कोंबून उभी होती. लाजतेय, म्हटलं.

मुलगा ऐकेना, म्हणून मी त्याच्या आईला गाठलं. ताई, तिथे कपारीत सावली आहे, जरा टेका, आजूबाजूला काही दिसलं तर बघा. त्या बिचाऱ्या गेल्या. इकडे सौरभ माझ्या बायकोला समजावत होता. वरचा थर कडक, खालचा भुसभुशीत. पाणी खालचा पोखरत जातं, वरचा तसाच पुढे आलेला राहतो, म्हणून इथे धबधबा. बायकोने विचारलं, पण डबा कुठेय?

"या प्रकारात डबा नसतोच, काकू," तो म्हणाला. "खडक हाच खजिना. बघायचा, शिकायचं आणि उत्तरं पाठवायची."

माझ्या पायाखालचा थर तिथल्या तिथे भुसभुशीत झाला. मी कपारीकडे धावलो, पण उशीर झाला होता.

ताई मटकन खाली बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. पुढ्यात उघडा डबा. लाल कापड, नारळ, कुंकू, लिंबू, मिरच्या. टपरीवाली मावशी काय झालं बघायला आली आणि लांबूनच म्हणाली, "उतारा हाय त्यो. कोनीतरी कोनावर तरी केलाय." भिजायला आलेली माणसं कपडे गोळा करून निघालीसुद्धा.

"माझ्या मुलावर," ताई म्हणाल्या. "आणि नेमका आज. सौरभ, घरी चल."

स्थळ डोळ्यांदेखत चाललं होतं. मी पुढे होऊन म्हणालो, "ताई, घाबरू नका. तो मी ठेवलाय."

याने त्या जास्तच घाबरल्या. मी ओटी, चोर, व्हिडिओ, शेठ असं सगळं एका दमात सांगितलं आणि गुंता वाढवला. बायकोने कपाळाला हात लावला. शेवटी सौरभच मध्ये पडला. "आई, काका खरं सांगतायत. आम्ही दोघांनी वरून त्यांना डबा ठेवताना बघितलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"त्यांना वाईट वाटलं असतं."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं, मधुराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. लिंबू-मिरची तेवढी फेकून द्या, म्हणाल्या, नारळ राहू द्या, घरी जाऊन रीतसर ओटी भरा. माझा जीव भांड्यात पडला.

लग्न ठरलं. मग एकदा मी मधुराला विचारलं, दगडांत तुला काडीचा रस नाही, हा मुलगा पसंत पडला कसा?

ती म्हणाली, "वरती आमचं कशातच जमत नव्हतं, बाबा. त्याला डोंगर चढायचे, मला रविवारी झोपायचं. निघणारच होतो, तेवढ्यात खाली तुम्ही दिसलात. डबा ठेवलात, नमस्कार केलात. तो घाबरत घाबरत म्हणाला, तुझे बाबा जरासे येडे आहेत का? मी म्हटलं, जरासे नाही, पूर्ण. ते आमचं पहिलं एकमत."