आणखी सर

एखाद्याला प्रश्न विचारून माझे दाजी जेवढं गप्प बसत, तेवढं गप्प बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी कांद्याचा व्यापारी. गप्प बसणं हा माझ्याही धंद्याचा भाग आहे, तेव्हा हे मी उगाच कौतुक म्हणून लिहीत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमच्या भागातल्या एका होमिओपॅथी कॉलेजात ते वीसेक वर्षं शिकवत होते, आणि सकाळ-संध्याकाळ घोडेगावच्या घरात, पुढच्या खोलीत पेशंट बघत. पेशंटचं सांगून झालं, की ते एकच शब्द बोलत. ‘आणखी?’ पेशंट म्हणे, ‘आणखी काही नाही.’ दाजी मान हलवत आणि तसेच बसून राहत. समोरच्याला ती शांतता सोसेनाशी झाली, की तो पुन्हा बोलायला लागे, आणि खरं दुखणं तिथून पुढे निघे. कॉलेजातल्या पोरांनी त्यांचं नाव ‘आणखी सर’ पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. आवडतही असावं.

आक्काला बघायला आले तेव्हाही असंच झालं होतं. आमचं घर लोणीचं, वडिलांची मेंढरं. पाहुण्यांपुढे कमी बोलावं, असं घरात ठरलेलं. बाकीच्यांनी स्वयंपाक, शिवण असलं नेहमीचं विचारलं. दाजींनी विचारलं, “तुम्हाला थंडी जास्त सोसत नाही की ऊन?” आणि उत्तराची वाट बघत बसले. बैठकीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वडील माझ्या कानाशी म्हणाले, “पावनं मेंढरू पारखायला आलंय का काय?” आक्का मात्र मान वर करून म्हणाली, “ऊन सोसतं. कुणी वरडलेलं सोसत नाय.” लग्न ठरलं. तिच्यावर ते कधी ओरडले नाहीत. घरात ओरडणारा मी एकटाच होतो, तोही सणासुदीला जाणारा.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण कांद्यावरून झालं. त्यांच्या औषधाचं पथ्य असे: कच्चा कांदा नको, लसूण नको, कॉफी नको. नव्वदच्या दशकात मंचरच्या बाजारात माझं नुकतं नाव व्हायला लागलं होतं. आणि माझेच दाजी घोडेगावात बसून येईल त्याला कांदा सोडायला सांगत होते. मी म्हणालो, “दाजी, माझ्या पोटावर का पाय देता?” ते हसले. म्हणाले, “अरे बाळू, कांद्यापासूनच सर्दीचं औषध करतात. तुझा माल माझ्या कपाटात आहे.”

“किती आहे?”

“शोधून सापडणार नाही इतका.”

“मग विकता काय, नुसती साखर?”

“तू गोणीत खालच्या थराला काय भरतोस ते मी कधी विचारलंय का?”

आक्का आतून खोखो हसली. मीही हसलो, पण हे बोलणं त्यांनी चार पाहुण्यांत करायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

दुसरी एक सवय मला धंदेवाईक माणूस म्हणून कधीच पटली नाही. ते पेशंट परत पाठवत. बाळाला ताप चढलेला, कुणाच्या पोटात डाव्या-उजव्या बाजूला कळ येतेय, लोक यांच्या गोळ्यांवर विश्वास ठेवून डोंगरातल्या गावांहून एसटीने आलेले, आणि हे म्हणायचे, “हे माझं काम नाही. आत्ताच्या आत्ता मंचरच्या दवाखान्यात जा.” जीप मिळत नसेल तर स्वतः स्टँडवर जाऊन थांबवायचे. मी म्हणायचो, “दारात आलेलं गिऱ्हाईक कुणी हाकलतं का?” ते म्हणायचे, “गिऱ्हाईक असतं तर ठेवून घेतलं असतं.” शिकवतानाही त्यांचा सगळा जोर यावरच असे. औषध पुस्तकात सापडतं, पण आपलं काम कुठे संपतं ते पेशंटच्या तोंडूनच कळतं, म्हणून त्याला बोलू द्या, असं त्यांचं म्हणणं.

आक्काला मूल झालं नाही. माझी मुलगी वैशाली बारावी झाली आणि मी तिला दाजींच्याच कॉलेजात घातली. राहायला त्यांच्याच घरी. सकाळी दाजींच्या स्कूटरवर मागे बसून जायची, संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत. आक्का तिचे केस विंचरायची, डबा भरायची. दाजी तिला जेवताना औषधांची लक्षणं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत घास हातात धरून बसायचे. आक्का म्हणायची, “अवो, भाकर गार व्हतीय. पोरीला पानात तरी बघू द्या!” आमच्या घरात डॉक्टर होणारी ही पहिलीच. शेवटच्या वर्षाला मी मंचरला एक गाळा बघून ठेवला आणि ‘डॉ. वैशाली’ असा बोर्डही रंगवून घेतला. घाई झाली असेल, पण चांगल्या गोष्टीची घाई मला कळते.

त्या वर्षी कॉलेजच्या ओपीडीत घाटघरकडची एक म्हातारी आली. गुडघे दुखतात म्हणून. केस वैशालीकडे. पोरगी हुशार, बोलण्यात माझ्यावर गेलेली. तिने भराभर विचारलं, “आजी, भूक बरी आहे ना? झोप लागते ना? छातीत वगैरे काही दुखत नाही ना?” म्हातारीने सगळ्याला “व्हय बाय, न्हाई बाय” केलं. वैशालीने पानभर लिहून दाजींपुढे ठेवलं. दाजींनी ते वाचलं, स्टूल ओढून म्हातारीसमोर बसले आणि म्हणाले, “आजी, तुम्ही सांगा.”

म्हातारी म्हणाली, “मी काय सांगू? ह्या बायनं समदं सांगितलंय की.”

दाजी गप्प. पोरं उभी. म्हातारीने पदर सारखा केला, खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, “पान्याला जाताना निम्म्या चढावर बसावं लागतं. डावा हात जड व्हतो. पार जबड्यापतूर कळ जाती. वय झालं, दुसरं काय.”

“आणखी?”

“काल घाम लई आला.”

दाजी उठले आणि स्वतः गाडी बघायला गेले. म्हातारीला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं, हृदयाचं दुखणं निघालं, आणि ती वाचली. गाडीत बसवताना दाजींनी तिला विचारलं होतं, “पोरीने विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?” म्हातारी म्हणाली, “एवढी शिकल्याली पोर, आपुनच म्हनतीया दुखत न्हाई. तिला खोटं कसं पाडायचं?”

हे सगळं मला वैशालीनेच सांगितलं, त्याच आठवड्यात, रडत. रडण्याचं कारण म्हातारी नव्हती. दाजींनी तिची टर्म नाकारली होती. टर्म नाही म्हणजे परीक्षेचा फॉर्म नाही, म्हणजे वर्गातली सगळी पोरं पुढे आणि ही सहा महिने मागे.

मी तसाच घोडेगावला गेलो. चप्पल दारात काढायचीही शुद्ध नव्हती.

“दाजी, पोरगी तुमच्या घरात वाढली.”

“म्हणूनच.”

“दुसऱ्याची असती तर?”

“तरीही नाकारली असती. फक्त दुसऱ्याचा बाप एवढा ओरडला नसता.”

मग मी मला जे येतं ते केलं. म्हणालो, सहा महिने नको, महिनाभर जास्त बसवा. बरं, दोन महिने. रविवारीही येईल. तुमच्या घरचे पेशंट फुकट बघेल. दाजी ऐकत होते. माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तेच केलं, जे ते सगळ्यांशी करत. “आणखी?” म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी काय त्यांचा पेशंट होतो? आक्का चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “बाळ्या, हा बाजार न्हाई रं.” मी चहा न घेता उठलो. दारात वळून म्हणालो, “आता तुम्ही बोलाल तेव्हाच मी बोलेन.”

इथेच सगळं अडलं. मी धंद्यात कधी आधी भाव सांगितला नाही, आणि दाजी जन्मात कधी आधी बोलले नाहीत. अशी दोन माणसं एकमेकांची वाट बघत बसली, की काय होणार? त्या वर्षी भाऊबीजेला मी घोडेगावला गेलो नाही. आक्काच ताट घेऊन लोणीला आली. दाजींनी तिला स्कूटरवरून फाट्यापर्यंत आणलं आणि तिथूनच परत फिरले. पुढच्या वर्षीही तेच. आक्का ओवाळताना म्हणाली, “तुमी दोघं येकाच मातीचं. मधी माझं काय व्हतंय ते इचारा की कुनीतरी.” मी मान खाली घालून ओवाळून घेतलं. वैशाली मात्र त्यांच्याच घरी राहिली. तिने ते सहा महिने काढले, पास झाली. बोर्ड तोवर माझ्या वखारीत, गोण्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभा होता.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात दाजी आजारी पडले. मंचरच्याच दवाखान्यात होते. मी गेलो. कॉटशेजारच्या स्टुलावर बसलो. आक्का मुद्दाम बाहेर निघून गेली. दाजींनी डोळे उघडले, मला ओळखलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. आजारी ते होते. सांगायचं ते त्यांनी सांगायला हवं होतं, असं माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तीच पेशंटपुढची शांतता. भेटायची वेळ संपली म्हणून नर्सने मला उठवलं. दाजींनी चादरीवरचा हात थोडा उचलला. मी तो धरला आणि बाहेर आलो. त्यानंतर ते घरी आले नाहीत.

दहाव्याला घोड नदीच्या घाटावर त्यांचे विद्यार्थी आले होते. जुन्नर, ओतूर, कुठून कुठून. आता सगळे डॉक्टर. त्यांतला एक टक्कल पडलेला माझ्याजवळ येऊन म्हणाला, “ते कांदेवाले मेहुणे तुम्हीच का?”

मी म्हणालो, “का?”

“सर दर वर्षी पहिल्या तासाला तुमचं सांगायचे. म्हणायचे, मंचरच्या बाजारात जाऊन माझ्या मेहुण्याला बघा. शेतकरी माल ओततो. हा ढिगासमोर उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. भाव समोरच्याच्या तोंडून निघतो. पेशंटपुढे असं बसायला शिका. मला हे त्याच्यासारखं अजून जमत नाही.” तो हसला. “आम्ही दोघं-तिघं खरंच येऊन बघून गेलोय तुम्हाला.”

मी वैशालीला गाठलं. “तुमच्या वर्गातही हे सांगायचे?”

“हो. सगळे वळून माझ्याकडे बघायचे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

माझा राग गेला, असं कुणी समजू नये. मला न विचारता त्यांनी माझा धंदा वीस वर्षं वर्गात शिकवला. आणि तोच माझ्या पोरीला आला नाही म्हणून तिची टर्म नाकारली. हे त्यांनी मला तोंडावर सांगायला हवं होतं. एकदा सांगितलं असतं, तर मी तो चहा प्यायलो असतो.

मंचरचा गाळा वैशालीने नको म्हटला. ती दाजींच्याच पुढच्या खोलीत बसते, आक्का आत असते. माझा बोर्ड तिथे लागला आहे. दाजी गेल्यावर महिन्याभराने मी तिथे गेलो. घरचा माणूस म्हणून सरळ आत जाणार होतो, पण आक्काने पेशंटच्या रांगेत बसवलं. नंबर आला. वैशालीने विचारलं, “काय होतंय?” आणि पेन खाली ठेवून गप्प बसली.

मीही गप्प बसलो. माझ्यापुढे या खेळात कुणी टिकत नाही. पंखा फिरत होता, भिंतीवर दाजींचा फोटो होता. पोरीची पापणी हलेना.

शेवटी मीच आधी बोललो. म्हणालो, “अन्न गोड लागत नाही.”

ती म्हणाली, “आणखी?”

बाहेर पेशंट खोळंबले होते. मी त्यांना खोळंबू दिलं.