एन्झाइमची गोळी आणि टेंभरे भाऊ

भरवसा नक्की कोणावर ठेवावा, सांगा बरं? औषधावर, डॉक्टरवर, की औषध घेणाऱ्यावर? आमगावात माझं औषधाचं दुकान आहे. पदवी दुकानातल्या पगारी फार्मासिस्टची, माझं ज्ञान बाटल्यांवरची लेबलं वाचून आलेलं. दुकानासमोरच्या बाकड्यावर किस्से कसे साठतात, कळतही नाही.

माझी भाची वर्षा पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएचडी करायची. सुट्टीत आली की बाकड्यावर शिकवणी. म्हणायची, "पेशीतली कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे काही एन्झाइम ठरवतात. कॅन्सरमध्ये ते बिघडतात. मलेरियाच्या जंतूलाही तसलेच एन्झाइम लागतात. ते अडवले की दोघंही अडकतात."

आमचे शेजारी टेंभरे भाऊ, धानाचे शेतकरी, विचारत, "मग अडवत काऊन नाही?"

"आपल्या चांगल्या पेशींतही तेच आहेत, काका."

"म्हणजे चोराच्या अन् आपल्या घराले एकच कुलूप. फक्त चोराच्याच घरात बसंल, अशी चावी बनव ना."

"त्यालाच तर पाच वर्षं लागून राहिलीत."

हे अर्धवट ऐकून एक गिऱ्हाईक पचनाच्या सिरपची अर्धी बाटली घेऊन आलं. "शेट, इसमें एन्झाइम लिखा है. कॅन्सरवाला माल वापस लो." अर्धा तास समजावलं. शेवटी वर्षानं त्याच्यासमोर दोन चमचे पिऊन दाखवले, तेव्हा तो बाटली घेऊन परत गेला. वर्षा त्या दिवशी तीनदा जेवली.

पुढे भाऊंनाच रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या एका दवाखान्यात असाच एन्झाइम अडवणाऱ्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती. त्यात नाव लागलं. रोज एक गोळी, रोज वहीत खूण. बारीक रकाने भाऊंना दिसत नसत, म्हणून वही माझ्याकडे. ते "घेतली" म्हणत, मी खूण करी.

दोन महिन्यांनी डॉक्टर चक्रावले. वही पूर्ण, पण असर अर्धाच. मी भाऊंना बाकड्यावर बसवलं. "खरं सांगा."

"वार्डात केशोरी गावची बाई भेटली होती. हाच आजार. तिले चाचणीत घेतलं नाही. लेकरू दोन वर्षांचं. एसटीनं तिले माझ्यातल्या निम्म्या गोळ्या पाठवून राहिलो."

"अहो, कळलं तर चाचणीतून तुमचं नाव काढतील."

भाऊंनी बाकड्यावरची वही माझ्यापुढे सरकवली.

"या वहीवरून उद्या लोकांले गोळ्या देतीन ना? मग बरोबर लिहा, शेट. सोमवारी मी, मंगळवारी ती."